एकोणतीस हजारांत एक

आंबर्डेकरांचं नाक एकदा बघितलं की माणूस वेगळा ओळखायची गरज उरत नाही. वळणावरून आधी नाक येतं, मग मागून आंबर्डेकर येतात. गिरगावातल्या कुणा एका आंबर्डेकराचं नाक म्हणे खोलीच्या दारात अडकलं होतं आणि सुताराला बोलवावं लागलं होतं. कुलवृत्तांताच्या पहिल्या आवृत्तीत हे छापलेलं आहे, दुसरीत फक्त सुतार गाळला. तर अशी दीडेकशे नाकं बोरिवलीच्या एका थंडगार हॉलमध्ये कुलसंमेलनाला जमली होती आणि स्टेजवर श्यामसुंदरराव माइक धरून उभे होते. सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला माणूस घराण्यात असला की त्याला वर्षातून एकदा बोलायला द्यावंच लागतं. त्यांनीही तयारी जंगी केली होती. मुलुंडपासून डोंबिवलीपर्यंतच्या सात आंबर्डेकरांच्या गालांच्या आतून कापसाचे बोळे फिरवून आणले होते, एका खासगी लॅबमध्ये तपासून घेतले होते, आणि आता पडद्यावर आकड्यांच्या सात ओळी झळकत होत्या. सहा अगदी एकसारख्या. सातवीत एकच आकडा सरकलेला, आणि ती डोंबिवलीची होती, म्हणून कुणाला नवल वाटलं नाही. पुरुषाचं वाय गुणसूत्र, ते सांगत होते, बापाकडून मुलाकडे जसंच्या तसं येतं, देवघरातल्या पळी-पंचपात्रासारखं. घासून घासून एखादा ओरखडा पडेल, पण भांडं तेच. आपला मूळपुरुष या हॉलमधल्या प्रत्येक पुरुषाच्या अंगात आज इथे बसलाय. टाळ्या पडल्या. तेवढ्यात त्यांचा पुतण्या हर्षद, जो दुसऱ्याच्या हातातला माइक घेण्यासाठीच जन्माला आलाय, म्हणाला, ‘‘काका, म्हणजे आपल्यातल्या एकाने उद्या कुणाचा मुडदा पाडला, तर आपण सगळेच आत ना?’’

हॉल हसला. मागच्या रांगेतल्या बायकाही हसल्या, ज्यांनी तोवर एक शब्द ऐकला नव्हता. श्यामसुंदररावही हसले, पण जरासे उशिरा, फोटोग्राफरने ‘हसा’ म्हटल्यावर हसावं तसे. मग जेवणं झाली, जिलब्या झाल्या, आणि परतताना हर्षदच्याच गाडीत मागच्या सीटवर बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की मघापासून आपली जीभ गालाच्या आतल्या बाजूवरून फिरतेय, जिथून आपण सातजणांचे बोळे फिरवले होते बरोबर तिथून. पुढच्या सीटवर त्यांच्या पत्नी पद्मजाबाई कुठल्या जावेने कुठली पैठणी पुन्हा नेसली त्याचा हिशेब मांडत होत्या. श्यामसुंदररावांना मूलबाळ नव्हतं. त्यांच्या घरातलं ते भांडं पुढे द्यायला कुणी नाही, हे आज स्टेजवर बोलताना त्यांना सुचलं होतं, पण विनोद म्हणून चाललं नसतं म्हणून गाळलं. आता गाडी लिंक रोडच्या गर्दीत मुंगीच्या पावलाने सरकत असताना हर्षदचं वाक्य कानात शिरलेल्या चिलटासारखं गुणगुणत होतं, आणि त्या गुणगुणीच्या मागून, कुणी बोलावलं नसताना, खंडू धुरीचं हसू आलं.

खंडू धुरी हा चारकोपचा हमाल. तिथल्या औद्योगिक वसाहतीत नकली दागिन्यांना मुलामा द्यायचा एक गाळा होता, तो नीलम नावाची बाई चालवायची. जिभेने फटकळ, पण पगार वेळेवर देणारी. एका संध्याकाळी कुणीतरी तिचा गळा दाबला. सकाळी शटर वर करणारा खंडू; पोलीस आले तेव्हा तो तिच्या पायाशी बसून रडत होता, आणि जो पहिला सापडतो त्याला पोलीस सहसा नाराज करत नाहीत. बाईच्या नखांत मारणाऱ्याची कातडी होती. पण त्या नमुन्यात बाईचंच इतकं मिसळलेलं की पुरुषाचं म्हणून वेगळं हाती लागलं ते फक्त वाय. गाळ्यातल्या पुरुषांचे नमुने आले, खंडूचं जुळलं. श्यामसुंदररावांनी देशभरच्या एकोणतीस हजार पुरुषांच्या नोंदींत शोध घेतला. एकही तसा नाही. साक्षीच्या दिवशी त्यांनी नवा कोट घातला होता, त्याच्या कॉलरला धोब्याच्या खुणेचा धागा राहिला होता तो पद्मजाबाईंनी दारात दाताने तोडला होता, हे त्यांना आता इतक्या वर्षांनी जसंच्या तसं आठवलं. सरकारी वकिलाने विचारलं की म्हणजे हा आरोपी निर्दोष असण्याची शक्यता एकोणतीस हजारांत एक, असं म्हणता येईल का. खरं म्हणजे नाही म्हणता येत. देशभरातून वेचलेल्या एकोणतीस हजारांत जुळणारा कुणी नव्हता ही एक गोष्ट, आणि चारकोपच्या त्या एका चाळीत तसे किती राहतात ही अगदी दुसरी. पण न्यायाधीश वर बघत होते, टायपिस्टची बोटं हवेत थांबली होती, कोर्टातला पंखाही ऐकायला थांबल्यासारखा वाटत होता, आणि असल्या शांततेत माणसाला लांबलचक उत्तर द्यायची लाज वाटते. ‘‘असं म्हणता येईल,’’ श्यामसुंदरराव म्हणाले. आणि तेव्हाच आरोपीच्या पिंजऱ्यातला खंडू हसला. मान वळवून मागच्या बाकांकडे बघत हसला. तिथे इस्त्रीचे शर्ट घातलेले पाचसहा पुरुष गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. निकालात न्यायाधीशांनी लिहिलं की आरोपीच्या ठायी पश्चात्तापाचा लवलेश दिसला नाही. जन्मठेप.

पुढे कितीतरी लग्नामुंजींत श्यामसुंदररावांनी ही गोष्ट सांगितली होती. सांगताना एकोणतीस हजारांचे कधी पन्नास व्हायचे, हसू कधी राक्षसी व्हायचं, एकदा तर पार्ल्याच्या मुंजीत खंडू पिंजऱ्याचे गज वाकवायला लागला होता. गोष्ट सांगणाऱ्याला एवढी मोकळीक असतेच, त्याबद्दल त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना आता छळत होतं ते निराळंच. अशा अहवालाच्या तळाशी एक ओळ असायची: ‘त्याच पितृवंशातील अन्य पुरुष यातून वगळता येत नाहीत.’ प्रयोगशाळेत तिला शेपूट म्हणायचे. शेपूट ठेवलं की सरकारी वकील फोन करायचे, बचावाच्या हातात आयतं द्यायचं का म्हणून विचारायचे, पुन्हा कोर्टात बोलवायचे, दिवस फुकट घालवायचे. म्हणून श्यामसुंदरराव नवीन लागले तेव्हाच त्यांच्या साहेबांनी शिकवलं होतं की शेपूट कापून पाठवायचं, कुणी विचारलं तर तोंडी सांगायचं. पुढे त्यांनीही आपल्या हाताखालच्यांना तेच शिकवलं. आणि तोंडी सांगायची वेळ कधी आलीच नाही, कारण जी ओळ कागदावर नाही तिच्याबद्दल विचारणार कोण.

विचारणारी एक निघाली होती. स्वरदा नावाची एक वकील, आवाजावरून कालपरवा कॉलेजातून बाहेर पडलेली, सरकारच्या मोफत कायदा मदतीतून खंडूचं अपील चालवणारी. तिने महिन्याभरापूर्वी फोन केला होता. खंडू आजवर काही बोलत नव्हता, ती सांगत होती, पण यंदा त्याने स्वतः अर्जावर सही केली. आता घरी जायचं आहे, एवढंच म्हणतो, बाकी ढिम्म. मग तिने सरळ विचारलं होतं की सर, त्याचे चुलतभाऊ तपासले होते का. श्यामसुंदररावांनी तिला वयाचा मान, शास्त्राची खोली आणि आजकालच्या पोरांची अक्कल या तीन विषयांवर ऐकवून फोन ठेवला होता. आता गाडी मुलुंडला पोचली, हर्षदने दार उघडून हात दिला, आणि तो हात धरताना श्यामसुंदररावांना वाटलं, या मनगटाच्या आत जे आहे ते माझ्या मनगटाच्या आत आहे. याने उद्या कुणाच्या गळ्याला हात घातला तर त्या नखांत मीच सापडेन.

पुढचे काही दिवस वाईट गेले, म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला चांगलेच गेले. ते बागेत फिरायला जात होते, ज्येष्ठांच्या कट्ट्यावर बसत होते. पण दाढी करताना आरशातलं नाक आपलं एकट्याचं वाटेना. ब्रश घासताना गाल चुरचुरायचा. रांगेत, बँकेत, दवाखान्यात पुरुष दिसले की याचे भाऊबंद किती असतील, कुठल्या गावचे, एकाच चाळीत किती, असं डोक्यात आपोआप सुरू व्हायचं. आणि हळूहळू, अस्वस्थपणा असाच आंबतो, त्यातून एक सुंदर कल्पना वर आली. आपण जायचं. चारकोपला, खंडूच्या आईकडे. तिच्यापुढे उभं राहायचं आणि सांगायचं की बाई, माझं चुकलं. मग स्वरदाला शपथपत्र द्यायचं, शेपूट जोडायचं. कोर्टात लोक उठून उभे राहतील. पेपरात येईल, त्या फोटोसाठी जुना कोट सैल करून घ्यावा लागेल. पश्चात्ताप इतका सजवल्यावर त्यांना कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.

स्वरदाकडून पत्ता मागणं त्यांना कमीपणाचं वाटलं, पण जुन्या साक्षीतलं चाळीचं नाव डोक्यात होतं. चारकोपला उतरल्यावर रिक्षावाल्याने विचारलं, धुरींची चाळ ना, आणि त्या अनेकवचनानेच त्यांना पहिला धक्का बसला. पहिला दरवाजा धुरी, दुसरा धुरी, नळावर भांडणारे दोघे धुरी. आंबर्डेकरांची नाकं, तशी इथे कानांची ठेवण होती: पाळ्या अशा बाहेर आलेल्या की वाऱ्याच्या दिवशी हे लोक वजन घेऊन चालत असावेत. त्यांनी पायऱ्या चढेपर्यंत तसे दहाबारा कान मोजले आणि मग मोजणं सोडून दिलं. एकोणतीस हजारांत एक. इथे तर शिडीवर चढून बल्ब लावणाराही तोच एक होता.

खंडूची आई चंपा खाटेवर बसून कोलंबी सोलत होती. श्यामसुंदररावांनी आपण कोण ते सांगितल्यावर तिने सोलणं थांबवलं नाही. बसा म्हणाली. आतून एक चाळिशीचा माणूस आला, हसतमुख, मऊ आवाजाचा, कान तेच. त्याने वाकून पायाला हात लावला आणि सांगितलं की मी गुणाजी, खंडूचा चुलतभाऊ, काकी माझ्याकडेच असते. त्याने पंखा वाढवला. कोकमाचं सरबत आणलं, बर्फ चालतो का विचारलं. दर महिन्याला खंडूला भेटायला जातो म्हणाला, घरचे लाडू नेतो, आत जाऊ देतात तेवढे. ‘‘खंडू तुमची आठवण काढतो, साहेब,’’ तो म्हणाला. ‘‘आकडावाले साहेब कसे आहेत, विचारतो.’’ मग पोरांना शाळेतून आणायचंय म्हणून तो चपला घालून गेला, जाताना काकीला गोळीची आठवण करून. श्यामसुंदररावांनी मनात म्हटलं, किती सालस माणूस. मग सरबताचा घोट घेऊन त्यांनी तयार करून आणलेलं भाषण सुरू केलं. बापाकडून मुलाकडे येणारं गुणसूत्र, पळी-पंचपात्र, शेपूट. म्हातारीला समजेल अशा भाषेत सांगताना ते दोनदा चष्मा पुसायला थांबले आणि दोन्ही वेळा त्यांना ते आवडलं. आपला आकडा चुकीचा होता, ते म्हणाले.

‘‘आकडो तुमचो बरोबर होतो, साहेबानू,’’ चंपा म्हणाली. ‘‘हात आमच्या घरातलोच होतो. फक्त खंडूचो नाय.’’

कोलंबीचं डोकं तुटल्याचा बारीक आवाज आला. श्यामसुंदररावांनी दाराकडे बघितलं, जिथून मऊ आवाजाचा माणूस चपला घालून गेला होता. मग ती बोलत राहिली, गावाकडच्या पाण्याची तक्रार करावी तशी, आवाज चढू न देता. नीलमबाईने गुणाजीला सगळ्या कामगारांसमोर कामावरून हाकललं होतं, तो संध्याकाळी जाब विचारायला गेला, मनगटं ओरबाडून घेऊन परत आला. त्याच रात्री त्याला गावच्या गाडीत बसवलं. सकाळी खंडू नेहमीसारखा शटर उघडायला गेला. त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं, खरं रडला तो. पोलिसांनी गाळ्यातल्यांचे नमुने घेतले, गुणाजीला आधीच हाकललेलं, त्याच्याबद्दल कुणी विचारलं नाही. आणि खंडूचं जुळलं म्हटल्यावर भावकी बसली. या खोलीत, या खाटेभोवती. वाटणी असो, सोयरीक असो, गावच्या देवाचा मान असो, धुरींमध्ये जे ठरतं ते असं गोल बसून ठरतं. गुणाजीला बायको, तीन पोरं. खंडूला कोण, तर आई. थोरल्या दिराने तिला विचारलं, तुझा काय विचार. ती काही बोलली नाही, आणि भावकीत न बोलणं म्हणजे हो. खंडूला नंतर तुरुंगात जाऊन समजावलं. तो म्हणाला, ठरलं असेल तर ठरलं.

श्यामसुंदररावांना कोर्टातले मागचे बाक दिसले, इस्त्रीचे शर्ट, गुडघ्यांवरचे हात. निर्दोष असण्याची शक्यता एकोणतीस हजारांत एक, आणि समोर तसेच पाचसहा धुरी ओळीने बसलेले. तो राक्षसी वगैरे काही हसला नव्हता. सगळ्या कोर्टात त्या आकड्याची गंमत कळलेला तो एकटाच माणूस होता, एवढंच.

ते अडखळत म्हणाले की पण आता त्याला घरी यायचं आहे, त्याने सही केली आहे. चंपाने हात फडक्याला पुसले. ‘‘तो म्हणतलो. पण तुमी जावन सांगलात तर गुणाजी आत जातलो. मगे खंडू येतलो तो खंयच्या घरात? हय माका भाकरी कोण घालता?’’ आणि थोडं थांबून, जणू पाहुण्याला निरोपाचं काहीतरी द्यायला हवं म्हणून, ‘‘बरोबर होतो तुमचो आकडो. उगाच जिवाक लावन घेव नकात.’’

आता गंमत बघा. जिन्यावरून ते कठडा धरून उतरले. पण चाळीच्या तोंडाशी आल्यावर श्यामसुंदररावांना छातीत जे जाणवलं ते ओझं नव्हतं, ते उतरलेलं ओझं होतं. आकडा बरोबर होता. हात त्याच घरातला होता. नखांत जे सापडलं तेच आपण सांगितलं. कुणाला पुढे करायचं ते त्यांनी ठरवलं, त्याला शास्त्र काय करणार. शिवाय खुद्द आईची इच्छा. आईच्या पुढे आपण कोण. कोपऱ्यावर गुणाजी दोन्ही हातांत दोन पोरांची दप्तरं घेऊन येत होता, त्याने थांबून रिक्षा मिळवून दिली, भाडं ठरवून दिलं, पुन्हा वाकला. श्यामसुंदररावांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्याच्या मनगटांकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि बघितलं. गुळगुळीत होती. इतक्या वर्षांत काय राहणार.

स्वरदाचा फोन चार दिवसांनी आला. सुनावणी जवळ आली होती. ती या वेळी फार सांभाळून बोलत होती, आधीच पाठ केल्यासारखं: सर, तुम्हाला पूर्वीची साक्ष मागे घ्यायला सांगत नाही, एकच ओळ हवी आहे, की तो पुरावा खंडूच्या कुठल्याही चुलतभावाचा असू शकतो, एवढं म्हणता येईल का. फोनमध्ये तिच्या मागे कुणीतरी झेरॉक्सचं मशीन चालवत होतं, त्याचा उजेड जातोय-येतोय असं श्यामसुंदररावांना उगाचच दिसत होतं. घरी जायचंय, बाकी ढिम्म. कुठल्या घरी. गॅलरीतल्या तुळशीचं एक पान त्यांनी खुडलं, तोंडात टाकलं, चावलं.

‘‘असं म्हणता येणार नाही,’’ ते म्हणाले.

दुपारी त्यांना झोपही लागली. अपील फेटाळल्याची बातमी पेपरात आतल्या पानावर तळाशी आली, जाहिरातीच्या शेजारी. पद्मजाबाईंनी त्यावर कोथिंबीर निवडली. आणि त्याच आठवड्यात कुलवृत्तांताच्या तिसऱ्या आवृत्तीची समिती त्यांच्या घरी जमली. हर्षद, डोंबिवलीचा सुयोग, आणखी चारपाच नाकं. बटाटेवडे झाले, संमेलनाचा हिशेब झाला, हर्षदने आपल्या त्या प्रश्नाची स्वतःच आठवण काढून पुन्हा स्वतःच हसून घेतलं. श्यामसुंदररावांना राहवेना. त्यांच्याकडे आता त्याचं उत्तर होतं, आणि हातात आलेलं उत्तर दाबून ठेवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. नाव-गाव बदलून त्यांनी गोष्ट सांगितली: एक घराणं, एक खून, एक आकडा, गोल बसलेली भावकी. झकास रंगली. खाटेचा त्यांनी झोपाळा केला, म्हातारीला आंधळी केलं. सगळे वडे हातात धरून ऐकत होते. ‘‘तेव्हा हर्षद, सगळे काही आत जात नाहीत,’’ ते म्हणाले. ‘‘एकालाच द्यायचं असतं. बोला, आपल्यावर वेळ आली तर कोणाला देऊ या?’’

त्यांची नजर अर्थातच सुयोगवर होती. बिनलग्नाचा, नोकरी धड नाही, शिवाय एक आकडा सरकलेला. सगळ्यांनी सुयोगकडे बघितलं. सुयोगने घास गिळला आणि सांगितलं की माझं मागच्या रविवारी ठरलं, साखरपुडा पुढच्या महिन्यात, मुलगी घाटकोपरची. अरे वा, अरे वा झालं. पेढे कुठे झाले. मग ते अभिनंदन विरलं आणि प्रश्न अजून तिथेच चहाच्या कपांमध्ये उभा राहिलेला सगळ्यांच्या लक्षात आला. हर्षदने कर्ज आणि दोन मुली मोजल्या असाव्यात, दुसऱ्याने बायकोचं डायलिसिस. सगळा हिशेब मनातल्या मनात. पण नाकं लांब असली की त्याची एक अडचण असते, माणूस कुठे बघतोय ते लपत नाही. एकेक नाक हळूहळू फिरलं आणि आरामखुर्चीच्या दिशेने येऊन थांबलं. वय झालेलं. पेन्शन, ती बायकोला अर्धी मिळतेच. मागे कुणी नाही. भांडं पुढे द्यायचं नाही.

‘‘काका, चेष्टा चाललीय,’’ हर्षद म्हणाला, पण उशिरा, आणि दुसरीकडे बघत.

श्यामसुंदररावांनी पद्मजाबाईंकडे बघितलं. त्या स्वयंपाकघराच्या दारात झारा घेऊन उभ्या होत्या, सगळं ऐकलेलं. त्या काही बोलल्या नाहीत. पुढे येऊन त्यांनी नवऱ्याच्या बशीत एक गरम वडा ठेवला, इतरांना विचारायच्या आधी, आणि पदराने त्यांच्या खांद्यावरचं काहीतरी झटकलं, कोर्टात निघालेल्या माणसाच्या कॉलरवरचा धागा झटकावा तसं.

तेव्हा ते हसले. अजिबात उशीर न करता. मान वळवून एकेका चेहऱ्याकडे, एकेका नाकाकडे बघत हसले, आणि हसता हसता त्यांनी ते हसू ओळखलं.